चेसिस कुणाची, बॉडी कुणाची

हुमनाबादच्या पुढं राष्ट्रीय महामार्ग ६५ वर अधूनमधून एक अर्धवट वाहन दिसतं. पुढं इंजिन, मागं दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि चाकं. छप्पर नाही, दार नाही, काच नाही. डोक्याला टॉवेल गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा चढवून एक ड्रायव्हर उघड्यावर बसलेला असतो आणि ऊन, धूळ, पाऊस छातीवर झेलत ती चेसिस हैदराबादच्या दिशेनं नेत असतो. आमच्या भागात हे सगळ्यांनीच पाहिलंय. ती चेसिस कुठंतरी जाते आणि काही दिवसांनी तिची बस किंवा ट्रक होऊन रस्त्यावर येते, एवढंच मला ठाऊक होतं. मधल्या दिवसांत तिचं काय होतं, ते कोण करतं, हे विचारायची वेळच आली नव्हती.

मी भालकी तालुक्यातली. बिदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याच्या स्टोअरला कामाला आहे. माल उतरवून घ्यायचा, वजनकाट्याची पावती जुळवायची, चलन आणि गेटपास करायचा. दिवसभर समोर ट्रक उभे असतात, पण ट्रक म्हणजे माझ्यासाठी नंबर, टन आणि ड्रायव्हरची सही. इंजिन, गिअर, अ‍ॅक्सल यातलं मला काही कळत नव्हतं. मोटारींच्या इतिहासाशी माझा संबंध आला तो लग्नाच्या बस्त्यामुळं.

हैदराबाद आम्हाला पुण्या-मुंबईपेक्षा जवळचं. मोठा दवाखाना तिकडं, परीक्षेचं सेंटर तिकडं, बस्ताही तिकडंच. मावसबहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधून झाला आणि चारमिनारजवळच असलेला चौमहल्ला राजवाडा बघायला आम्ही आत शिरलो. निजामाचा दरबार भरायचा तो हा राजवाडा. त्याच्या जतनाच्या कामाचा युनेस्कोनं २०१० साली गौरव केला आहे. तिथं निजामाच्या बग्ग्या आहेत, जुन्या मोटारी आहेत आणि त्यांत एक पिवळीधमक, उंच गाडी आहे. तिच्यात मागची बसायची जागा मुद्दाम वर उचललेली. मिरवणुकीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना निजाम दिसावा म्हणून चाकांवर ठेवलेलं सिंहासनच ते. तिला 'थ्रोन कार' म्हणतात.

ही गाडी मागवली सहाव्या निजामानं, मीर महबूब अली खान यांनी, १९११ मध्ये. त्याच वर्षी २९ ऑगस्टला ते वारले. गाडी तयार होऊन आली ती त्यांचे चिरंजीव मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत. आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही ज्याचा काळ सांगतात तो सातवा निजाम हाच. १९४७ पर्यंत ही गाडी अवघी ३५६ मैल चालली होती असं सांगतात. म्हणजे सुमारे ५७३ किलोमीटर, बिदरहून हैदराबादला दोनदा जाऊन आल्याएवढं.

या गाडीबद्दल सांगताना नावं दोन घेतात. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट हे एक आणि बार्कर अँड कंपनी, लंडन हे दुसरं. पहिलं नाव न ऐकलेला माणूस विरळा. दुसरं मी पहिल्यांदाच ऐकत होते. रोल्स-रॉइस एवढी नावाजलेली कंपनी, तर मग गाडीत बार्करचं काय काम? निजामापुरती ही खास व्यवस्था होती की सगळ्यांच्याच गाड्या अशा दोघांच्या असायच्या? बहीण साड्यांच्या पिशव्या सांभाळत निघायची घाई करत होती आणि माझा पाय तिथून निघेना.

रात्री जेवणं झाल्यावर मी वाचायला बसू लागले. पहिलंच जे कळलं त्यानं गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत रोल्स-रॉइसनं पूर्ण मोटार विकलीच नव्हती. ही कंपनी विकायची ती चेसिस. इंजिन, गिअर, चाकं, स्टिअरिंग आणि पुढचा तो ओळखीचा रेडिएटर, बस. डर्बीच्या कारखान्यात चेसिस जोडली जायची, तात्पुरतं बसायचं ठेवून रस्त्यावर चालवून बघितली जायची आणि मग गिऱ्हाईक सांगेल त्या बॉडी करणाऱ्याच्या दारात जायची. आपण कापड एका दुकानातून घेतो आणि शिवायला आपल्या नेहमीच्या टेलरकडं टाकतो, तसा हा व्यवहार होता. किती दारं, छत उघडं की झाकलेलं, आत मखमल की चामडं, हे गिऱ्हाईक आणि बॉडी करणारा मिळून ठरवायचे. निजामाच्या गाडीत उंच सिंहासन आलं ते बार्करकडून, रोल्स-रॉइसकडून नव्हे. जे बघायला लोक तिथं थांबतात, ते जवळजवळ सगळं बार्करच्या माणसांच्या हातचं आहे.

मग बार्करच्या मागं लागले. ही कंपनी १७१० ची. राणी अ‍ॅनच्या रक्षक दलातल्या एका अधिकाऱ्यानं ती सुरू केली असं सांगतात. हे साल वाचून मी वही काढली आणि आमच्याकडची सालं शेजारी मांडली, कारण त्याशिवाय मला काळाचा अंदाजच येत नाही. औरंगजेब १७०७ मध्ये वारला. हैदराबादला आसफजाही राज्य उभं राहिलं १७२४ मध्ये. म्हणजे ज्या घराण्यासाठी बार्करनं ही मोटार घडवली, त्या घराण्याच्या राज्यापेक्षा बार्करचं दुकान चौदा वर्षांनी जुनं. आणि ते दुकान मोडलं १९३८ मध्ये, निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलिस अ‍ॅक्शनच्या दहा वर्षं आधी. अख्खी निजामशाही पोटात मावेल एवढं नसलं, तरी जवळपास तेवढं मोठं आयुष्य एका बॉडी करणाऱ्या कंपनीला लाभलं होतं.

पण पेट्रोलवर चालणारी मोटार आली तीच मुळी १८८५-८६ च्या सुमारास. त्याआधीची पावणेदोनशे वर्षं बार्कर घोडागाड्या करत होते. मोटार आली तेव्हा त्यांच्याकडचे सुतार, लोहार, पत्रे ठोकणारे, रंगारी आणि गाद्या भरणारे तेच राहिले. घोडा गेला, इंजिन आलं. लंडनमध्ये गाड्या करणाऱ्यांच्या संघाला दुसऱ्या चार्ल्स राजाची सनद १६७७ साली मिळालेली, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर तीनच वर्षांनी. इतका जुना हा कारागिरांचा धंदा.

आमचे अण्णा सुतार. आजोबांनी आयुष्यभर बैलगाड्या केल्या, अण्णांनी त्यांच्या हाताखाली शिकून थोड्या केल्या आणि पुढं दारं-खिडक्यांकडं वळले. गावी गेले तेव्हा बार्करचं त्यांना सांगितलं. राजा, निजाम, रोल्स-रॉइस हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लाकूड कोणतं वापरत होते?"

ते मी वाचलेलं होतं. अ‍ॅश नावाचं झाड. चिवट, हलकं, धक्का खाऊन न फुटणारं. त्याचा सांगाडा करायचा आणि वर हातानं घडवलेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे बसवायचे. अण्णा म्हणाले, "आपल्याकडं चाकाला बाभूळ लागते ती याच्यासाठीच. साग दिसायला चांगला, पण चाकाला बाभूळच." मग तुंबा कसा कातायचा, आरे कसे बसवायचे, लोहाराकडून लाल तापवलेली धाव चाकावर चढवून पाणी मारलं की लाकूड कसं आवळलं जातं, हे ते बराच वेळ सांगत बसले. बार्करच्या कारखान्यातल्या जुन्या चाकवाल्या सुतारांनाही हेच करावं लागत होतं. रोल्स-रॉइसच्या इतिहासातलं अण्णांना जे कळलं ते मला पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

तरीही पत्रा, सांगाडा, बसवणी हे डोळ्यांपुढं येईना. आमच्या वसाहतीत एका बाजूला ट्रकच्या बॉडी करणारी पत्र्याची शेड आहे. तिच्यावरून रोज जात होते. शेडच्या मालकांना सगळे चाचा म्हणतात. शनिवारी शिफ्ट सुटल्यावर जाऊन त्यांना म्हटलं, "चाचा, बॉडी कशी करतात ते बघायचंय." त्यांनी एक स्टूल पुसून पुढं केलं. बाईमाणूस इथं कशाला, असं काही विचारलं नाही.

त्या शेडमध्ये मी बरेच शनिवार बसले. समोर उघडी चेसिस. तिच्या दोन लांब पट्ट्यांवर आधी लाकडाच्या पट्ट्या पडतात, त्यांच्यावर आडवे लोखंडी चॅनेल येतात आणि सगळं यू-बोल्टनं आवळलं जातं. मी विचारलं, "सरळ भोक पाडून बोल्ट का नाही मारत?" चाचा त्यांच्या दख्खनीत म्हणाले, "चेसिस को सुराख नक्को, बेटी. ताकत जाती उसकी." मग त्यांनी एका पोराला चेसिसच्या एका कोपऱ्याखाली जॅक लावायला सांगितला. एक चाक वर उचललं गेलं तशी सगळी चौकट पिळवटली. डोळ्यांना दिसेल एवढी. खड्ड्यात चाक गेलं की रोज हेच होतं. बॉडी अगदी ताठ करून जखडली तर कुठंतरी तडकते, सैल सोडली तर खडखडते. मधल्या लाकडाचं काम आहे हा पीळ सोसायचं.

तेव्हा एक गोष्ट उलगडली जी वाचताना नुसती माहिती म्हणून पुढं गेली होती. सिल्व्हर घोस्टचं इंजिन इतकं शांत होतं की बॉडीचा बारीकसा कुरकुराट लगेच कानावर यायचा. चेसिस कितीही उत्तम असली तरी बॉडी वाजली की गिऱ्हाईक नाव ठेवणार ते रोल्स-रॉइसला. म्हणूनच अगदी सुरुवातीच्या काळापासून ही कंपनी आपल्या चेसिसवर बार्करची बॉडी घ्या असं सांगत होती. आणि म्हणूनच १९२० च्या दशकात चार्ल्स वेमन नावाच्या माणसानं वेगळीच युक्ती काढली. लाकडाचे तुकडे एकमेकांना न टेकवता मधे फट ठेवून धातूच्या पट्ट्यांनी जोडायचे आणि वर पत्र्याऐवजी कापड ताणून बसवायचं. चौकट पिळली तरी बॉडी आवाज करणार नाही. ही वेमन पद्धत काही वर्षं फार चालली. शेडमध्ये तो जॅक लावलेला पाहिला नसता तर ती मला कधीच समजली नसती.

रंगाचंही तसंच. लंडनच्या कारखान्यांत एका गाडीला रंगाचे आणि रोगणाचे हात देत आठवडे जायचे. प्रत्येक हात वाळवायचा, घासायचा, धूळ बसू नये म्हणून वेगळ्या खोलीत ठेवायचा, पुन्हा हात द्यायचा. शेवटी लांब केसांच्या ब्रशानं कडेला बारीक रेघ ओढायची, तीही मोकळ्या हातानं. आमच्या शेडमध्ये रेड ऑक्साईड, लांबी, घासकाम, मग रंग, एवढ्यावर दोन-तीन दिवसांत आटोपतं. पण पेंटर जेव्हा फाळक्यावर रेघ ओढायला घेतो तेव्हा तोही श्वास रोखतो. लांबी भरून घासताना पोरं पत्र्याकडं बघत नाहीत, तळवा फिरवून खळगा ओळखतात. इंग्लंडातले पत्रे घडवणारेही डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास ठेवायचे. दोन चाकांच्या मधून पत्रा पुढं-मागं फिरवत त्याला गोलाई आणायची, हे काम वर्षानुवर्षं केल्याशिवाय हातात येत नाही.

इथपर्यंत सगळं लावता आलं. त्यापुढं मात्र नावांनी आणि सालांनी फार हैराण केलं.

मुलिनर हे नाव घ्या. लंडनला एच. जे. मुलिनर, नॉर्दम्प्टनला आर्थर मुलिनर, बर्मिंगहॅमला मुलिनर्स. घराणं एक, कंपन्या वेगळ्या, आणि तिघांचाही धंदा बॉडी करायचा. एका ठिकाणी वाचलेलं दुसऱ्या ठिकाणी जुळेना तेव्हा प्रत्येकासाठी वहीचं वेगळं पान केलं. एच. जे. मुलिनर १९०० च्या सुमारास सुरू झाली, १९५९ मध्ये रोल्स-रॉइसनं विकत घेतली. पार्क वॉर्ड ही दुसरी कंपनी १९१९ ची, ती रोल्स-रॉइसकडं १९३९ मध्येच गेलेली. १९६१ मध्ये या दोघी एक करून मुलिनर पार्क वॉर्ड झाली. मुलिनर हे नाव आज बेंटलीच्या खास मागणीनुसार केलेल्या गाड्यांवर आहे. हे एवढं सरळ लिहायला मला बरीच पानं खोडावी लागली.

'सिल्व्हर घोस्ट' हेही मुळात एकाच गाडीचं नाव. १९०७ मध्ये एका ४०/५० अश्वशक्तीच्या चेसिसवर बार्करनं उघडी बॉडी बसवली, तिला रुपेरी रंग दिला, दिव्यांना आणि कड्यांना चांदीचा मुलामा दिला. एएक्स २०१ हा तिचा नंबर. त्याच वर्षी तिची पंधरा हजार मैलांची चाचणी झाली आणि तीत ती सलग १४,३७१ मैल, बिघाडासाठी एकदाही न थांबता चालली. मग लोक त्या जातीच्या सगळ्याच गाड्यांना सिल्व्हर घोस्ट म्हणू लागले. अशा ७,८७४ चेसिस १९२६ पर्यंत निघाल्या. बार्करच्याच हातच्या या दोन गाड्या शेजारी ठेवून मी खूप विचार केला. एक काही महिन्यांत १४,३७१ मैल धावली, दुसरी पस्तीस वर्षांत ३५६. पहिलीनं यंत्राचं नाव केलं. दुसरीनं फक्त बॉडी दाखवली, आणि खरं सांगायचं तर बार्करच्या कारागिरांचं कसब मला दुसरीतच जास्त दिसतं, कारण तिथं त्यांच्यापुढं कुठलाही ठरलेला नमुना नव्हता. घोडागाडीत उंच आसन करणं त्यांच्या पिढ्यांच्या सवयीचं. इंजिनाच्या गाडीवर ते उचलून धरणं नवं होतं.

आणखी एक कोडं वयाचं. चेसिस एका वर्षी निघते, बॉडी दुसऱ्या वर्षी चढते. मग गाडीचा जन्म कधीचा धरायचा? काही चेसिसवरून दहा-पंधरा वर्षांनी जुनी बॉडी उतरवून नवी चढवलेली असायची. कधी जुनी, चांगली बॉडी उचलून दुसऱ्याच चेसिसवर ठेवायचे. जाणकार माणसं चेसिसचा नंबर हाच गाडीचा खरा नंबर मानतात. मला ते पटतं आणि नाहीही. नंबर चेसिसचा, पण आठवणीत राहते ती बॉडी. आपल्याकडच्या संस्थानांनी तर अशा गाड्यांचा छंदच केला होता. राजकोटच्या ठाकूरसाहेबांची १९३४ ची 'स्टार ऑफ इंडिया' प्रसिद्ध आहे, तिची बॉडी लंडनच्या थ्रप अँड मेबर्ली या कंपनीची. लोक म्हणताना म्हणतात राजकोटची रोल्स-रॉइस.

या कंपन्या संपल्या कशा, हे वाचताना वाईट वाटलं. कुणा एकाच्या चुकीनं नाही संपल्या. १९२६ मध्ये ऑक्सफर्डजवळ काऊली इथं प्रेस्ड स्टील कंपनी निघाली. प्रचंड दाबयंत्राखाली पोलादाचा पत्रा घातला की दार तयार, छत तयार, आणि शंभरावं दार पहिल्या दारासारखंच. जे काम हातानं दिवसभर चालायचं ते यंत्रावर क्षणात. पाठोपाठ १९२९ ची जागतिक मंदी आली आणि खास बॉडी करून घेणारी गिऱ्हाइकं कमी झाली. बार्कर १९३८ मध्ये डबघाईला आली तेव्हा तिला हूपरनं विकत घेतलं. हूपर १८०५ ची, राजघराण्याच्या गाड्या करणारी. पण १९४० मध्ये तीही डेमलरच्या मालकांकडं, बीएसएकडं गेली. तिथले अध्यक्ष सर बर्नार्ड डॉकर. त्यांच्या पत्नीसाठी हूपरनं १९५१ मध्ये डेमलरवर एक बॉडी केली, तिच्या अंगावर सात हजार सोनेरी तारे लावलेले. १९५६ मध्ये डॉकरना अध्यक्षपदावरून काढलं आणि १९५९ मध्ये हूपरचं बॉडी करणं थांबलं. मग १९६५ ला रोल्स-रॉइसची सिल्व्हर शॅडो आली. तिला वेगळी चेसिसच नव्हती. बॉडी हाच सांगाडा. चेसिसच नाही म्हटल्यावर वेगळी बॉडी चढवायची कशावर? दरवाजा त्या दिवशी बंद झाला असं मला वाटतं, बाकीची सालं त्याच्या वाटेवरची.

मोटारींच्या बाबतीत तो जवळपास बंद झाला. बस आणि ट्रकच्या बाबतीत मात्र तो आजही सताड उघडा आहे, आणि तोही आमच्या दारात.

निजामाच्या रेल्वेनं जून १९३२ मध्ये रस्त्यावरची बससेवा सुरू केली ती २७ गाड्या आणि १६६ माणसांवर. त्या काळची एक अल्बियन बस, 'डेक्कन क्वीन', हैदराबादच्या बस भवनासमोर जपून ठेवलेली आहे. अल्बियन ही ग्लासगोची कंपनी. बिदर, लातूर, धाराशिव, औरंगाबाद हा सगळा मुलूख तेव्हा एकाच राज्यात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बिदर म्हैसूर राज्यात आले. महाराष्ट्राच्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला नगर-पुणे मार्गावर धावली. तीही इंग्रजी बेडफर्ड चेसिसवरची, वर लाकडी बॉडी, आत काथ्याच्या गाद्या. पुढं एसटीनं दापोडी, औरंगाबादजवळ चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा इथल्या आपल्या कार्यशाळांमध्ये हजारो चेसिसवर बॉडी चढवल्या. आपण जिला लाल परी म्हणतो ती चेसिसवाल्या कंपनीची जेवढी आहे तेवढीच या कार्यशाळांमधल्या सुतार, वेल्डर, फिटर आणि पेंटरची आहे. गोव्यात सत्तरी तालुक्यात भुईपालला १९८० मध्ये स्थापन झालेली ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा आहे, तिचं मुख्य काम बसच्या बॉडींचं. बस बॉडीसाठी आता एआयएस-०५२ हे मानक आहे. दारं, आपत्कालीन वाट, आसनं, कशाचं माप काय असावं ते त्यात ठरलेलं. हे असायलाच हवं. बॉडीत माणसं बसतात. तिथं अंदाज चालत नाही.

एकदा चाचांना मी थ्रोन कारचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून दारं कशी बसवलीत ते बघितलं, छताची गोलाई बघितली. मग म्हणाले, "चेसिस कंपनी की, बॉडी अपनी. रस्ते पे नाम किसका? कंपनी का." तक्रारीचा सूर नव्हता. पण मला ते फार लागलं. बार्करचं नाव निदान कागदावर उरलं, त्याच्या कारागिरांची नावं तेवढीही उरली नाहीत. इंग्लंडमधले बॉडी करणारे दाराच्या उंबऱ्याला आपल्या नावाची छोटी पट्टी लावायचे. दार उघडून पाय आत टाकणाऱ्यालाच ती दिसायची. आमच्या शेडमधून निघणाऱ्या ट्रकवर मागं, फाळक्याच्या कोपऱ्यात, पेंटर वाटलंच तर बॉडी करणाऱ्याचं नाव लिहितो. दोन पावसाळ्यांत ते उडतं.

बिदरला कारागिरांचं मोल कळत नाही असं नाही. बिदरी कामाचे उस्ताद शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या शहराला आनंद झाला. बिदरी कामाला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. चांदीची तार बसवणाऱ्याचा हात आपण ओळखतो. पत्रा बसवणाऱ्याचाही तितक्याच आदरानं ओळखायला हवा, असं मी आता ठामपणे म्हणते. रोज हजारो माणसं ज्या बसमधून सुखरूप घरी येतात, ती कुणाच्यातरी हातानं एकेक रिवेट मारून उभी राहिलेली असते.

सध्या मी वहीचं एक पान आमच्या आजोबांसाठी काढलंय. अण्णा आठवतील तसं सांगतात आणि मी लिहिते: कोणत्या गावाला कोणत्या सालच्या सुमारास गाडी केली, बाभूळ कुणाच्या बांधावरची होती, धाव कोणत्या लोहारानं चढवली. चाचांच्या शेडचंही पान आहे. त्यात त्यांच्या उस्तादांचं नाव आहे आणि त्या उस्तादांनी आधी टांगे केले होते हेही आहे.

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, उदगीर, निलंगा, कुठल्याही गावचे तुम्ही असा. तुमच्या घरात किंवा गल्लीत कुणी बैलगाड्या, टांगे, ट्रकच्या किंवा बसच्या बॉडी केल्या असतील, तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारून लिहून ठेवा. नाव, गाव, साल, लाकूड, शिकवणारा कोण होता, हाताखाली कोण शिकलं. जुना फोटो असेल तर त्याच्या मागं पेनानं नावं लिहा. ती माणसं आता सत्तरी-ऐंशीची आहेत, तेव्हा हे या वर्षीच करा.